बंदूक ‘यूज’ केली म्हणजे नेमकं काय केलं?

इंग्रजी शिकायला लागलं की पहिल्या काही महिन्यांतच ‘यूज’ हा शब्द भेटतो. अर्थ विचारला तर कुणीही ‘वापरणे’ असं सांगून मोकळा होतो, आणि त्यात चूक काही नाही. पण याच शब्दाच्या अर्थावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले नऊ न्यायाधीश सहा विरुद्ध तीन असे विभागले गेले, आणि एका माणसाची तीस वर्षांची कैद त्या अर्थावर पक्की झाली. १ जून १९९३ रोजी निकाल लागलेलं ‘स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हे ते प्रकरण. निकालाची मूळ पानं मी मराठीत आणायला बसलो तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच अडलो. ‘यूज’ला कुठला मराठी शब्द ठेवायचा? जो ठेवीन तो निकालाची एक बाजू घेत होता. हे असं का होतं, ते इथे नीट मांडायचं आहे.

आधी घटना. आरोपी आणि त्याचा एक सोबती टेनेसीहून फ्लोरिडात आले होते. तिथे कोकेन घ्यायचं आणि पुढे नफ्याने विकायचं, असा बेत होता. आरोपीजवळ मॅक-१० नावाची एक बंदूक होती. आकाराने आटोपशीर, वजनाला हलकी, पण फेरफार करून मशीनगनसारखी सलग चालणारी. अशी बंदूक मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडू शकते. ती विकायची आहे असं त्याने मोटेलच्या खोलीत बोलून दाखवलं. तिथे हजर असलेल्या ओळखीच्या व्यक्तीचे पोलिसांशी धागे होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरिफ कार्यालयाने आपला एक अधिकारी गहाणवटीचा दुकानदार म्हणून मोटेलवर पाठवला. अधिकाऱ्याने बंदुकीत रस दाखवला. आरोपीने पैसे मागितले नाहीत, दोन औंस कोकेन मागितलं. अधिकारी म्हणाला, मी त्या धंद्यातला नाही, पण बघतो प्रयत्न करून. तासाभरात परत येतो असं सांगून तो निघाला. आरोपी मात्र वाट बघत बसला नाही. बंदूक घेऊन तो व्हॅनमधून बाहेर पडला, पाळतीवरच्या पोलिसांनी वेगाने पाठलाग केला आणि त्याला पकडलं.

या सगळ्यात बंदूक कुणावर रोखली गेली नाही. गोळी सुटली नाही, धमकीही दिली गेली नाही. ती विकायला काढलेली वस्तू होती, आणि तो सौदाही पुरा झाला नाही.

आता कायदा. अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यातलं कलम ९२४(सी) तेव्हा असं होतं: मादक पदार्थांच्या व्यापाराच्या गुन्ह्यादरम्यान आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कोणी बंदूक ‘यूज’ करील किंवा ‘कॅरी’ करील, त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेशिवाय आणखी पाच वर्षं. बंदूक मशीनगन असेल किंवा तिला सायलेन्सर लावलेला असेल, तर पाचाऐवजी तीस. ही शिक्षा मूळ शिक्षेबरोबर भोगायची नसते, ती वेगळी भोगावी लागते. ‘कॅरी’ म्हणजे जवळ बाळगून नेणं. ते क्रियापद कायद्यात होतं, पण या आरोपपत्रात ‘यूज’ हेच धरलेलं होतं. म्हणून सगळा भार त्या एका शब्दावर आला.

ज्यूरीने दोषी ठरवलं आणि अकराव्या सर्किटच्या, म्हणजे संघीय अपिलांसाठी आखलेल्या एका विभागाच्या, अपील न्यायालयाने ते कायम केलं. पण नवव्या सर्किटच्या न्यायालयाने १९८९ साली अशाच प्रकारच्या एका खटल्यात उलट म्हटलं होतं: बंदूक मोबदला म्हणून देणं हा त्या अर्थाने ‘यूज’ नव्हे. एकच संघीय कायदा, आणि देशाच्या दोन टोकांना दोन अर्थ. हा पेच सोडवायला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतलं.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. त्यांची सुरुवात कोशापासून आहे. वेबस्टरच्या कोशात ‘यूज’चा अर्थ आपल्या सेवेला लावणे, कामाला लावणे असा आहे. ब्लॅकच्या कायदेकोशातही तोच धागा आहे: एखाद्या गोष्टीच्या साहाय्याने आपला हेतू तडीस नेणे. आरोपीला कोकेन हवं होतं आणि ते मिळवण्यासाठी त्याने बंदूक पुढे केली. मग ती त्याने आपल्या सेवेला लावली नाही असं कसं म्हणायचं? शिवाय कायद्यात ‘शस्त्र म्हणून’ हे शब्द कुठेही नाहीत. संसदेने न घातलेले शब्द न्यायालयाने घालायचे नसतात.

मला त्यांचा यापुढचा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. शेजारचंच उपकलम ९२४(डी) बंदुका जप्त करण्याविषयी आहे. ठराविक गुन्ह्यांत ‘यूज’ करायच्या हेतूने ठेवलेल्या बंदुका सरकार जप्त करू शकतं. त्या गुन्ह्यांच्या यादीत बंदुकांच्या बेकायदा विक्रीसारखे गुन्हेही आहेत. तिथे बंदूक हा नुसता माल असतो, कुणी ती चालवत नाही. म्हणजे याच कायद्याच्या मजकुरात मालाची देवघेव ‘यूज’ या क्रियापदाखाली आलेली आहे. एका उपकलमात शब्द इतका रुंद आणि दुसऱ्यात इतका अरुंद, हे कशावरून? त्यांनी असंही म्हटलं की सौद्यासाठी पुढे केलेली बंदूक त्या क्षणापुरती चलन असली तरी निरुपद्रवी होत नाही. तिचं क्षणात पुन्हा शस्त्र होऊ शकतं.

मग ‘यूज’ला काही सीमाच नाही का? बंदुकीच्या नळीने कुणी डोकं खाजवलं तर तोही ‘यूज’? ओकॉनर यांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांचं उत्तर असं की शब्दाच्या अर्थात तेही बसत असेल, पण कायद्यात ‘गुन्ह्याच्या संबंधात’ ही दुसरी अट आहे, आणि डोकं खाजवल्याने कोकेनच्या व्यापाराला हातभार लागत नाही. म्हणजे शब्द रुंद ठेवायचा आणि त्याला आवर दुसऱ्या शब्दांनी घालायचा.

विरोधी मत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं. त्यांच्यासोबत न्यायमूर्ती स्टीव्हन्स आणि सूटर होते. स्कॅलियांनी एक साधा प्रश्न घेतला: ‘तुम्ही काठी वापरता का?’ असं कुणी विचारलं, तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुम्ही दिवाणखान्यात शोभेला ठेवली आहे का, हे तो विचारत नसतो. तुम्ही काठी टेकत चालता का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. एखादं साधन वापरणं म्हणजे ते ज्यासाठी आहे त्यासाठी वापरणं. हाच रोजच्या बोलण्यातला अर्थ, आणि बंदूक वापरणं म्हणजे शस्त्र म्हणून वापरणं. एखादा शब्द कसकसा वापरला जाऊ शकतो आणि तो एरवी कसा वापरला जातो, यांतला फरक बहुमताच्या ध्यानात आलेला दिसत नाही, हे त्यांचं वाक्य पुढे खूप गाजलं.

आता मराठीकडे येतो, कारण माझ्या मते या वादाची गाठ मराठीत जास्त स्पष्ट दिसते.

‘यूज’साठी आपल्या रोजच्या बोलण्यात दोन शब्द आहेत, वापर आणि उपयोग. कोशात एकाचा अर्थ म्हणून दुसरा सापडतो. पण बोलताना आपण त्यांची सरसकट अदलाबदल करत नाही. ‘मी चष्मा वापरतो’ हे वाक्य पुरं आहे. कशासाठी, असं कुणी विचारत नाही. ‘मी चष्म्याचा उपयोग करतो’ म्हणून बघा. ऐकणारा लगेच पुढच्या शब्दांची वाट बघायला लागतो. कशासाठी? भिंगातून ऊन एकवटून कागद पेटवायला? ‘तुझ्या सल्ल्याचा उपयोग झाला’ असं आपण म्हणतो, तिथे ‘सल्ल्याचा वापर झाला’ म्हटलं तर कानाला टोचतं. वापर वस्तूच्या जवळ राहतो, तिच्या घडणीला, तिच्या ठरलेल्या कामाला धरून. उपयोग वस्तूपासून सुटून फायद्याकडे जातो. तिच्यामुळे काय साधलं, ते तो सांगतो.

इंग्रजीत या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात आहेत. ओकॉनर यांनी कोशातून उचललेला अर्थ, आपल्या सेवेला लावणे, हा जवळजवळ शब्दशः ‘उपयोग’ आहे. स्कॅलियांची काठी म्हणजे ‘वापर’. दोघंही खरं इंग्रजी सांगत होते. म्हणूनच भाषांतर करताना माझा हात अडखळत होता: ‘बंदूक वापरली’ लिहिलं की मी विरोधी मताच्या बाजूला गेलो, ‘बंदुकीचा उपयोग केला’ लिहिलं की बहुमताच्या.

तीन वाक्यं शेजारी ठेवून बघू. ‘त्याने बंदूक वापरून कोकेन मिळवलं.’ हे ऐकताच डोळ्यांसमोर रोखलेली नळी येते आणि समोर घाबरलेला माणूस. ‘त्याने बंदूक देऊन कोकेन मिळवलं.’ इथे सौदा आहे, भीती नाही. ‘कोकेन मिळवण्यासाठी त्याने बंदुकीचा उपयोग केला.’ हे वाक्य मध्येच लटकतं, धमकावलं की विकली ते कळत नाही. अमेरिकी कायद्यातलं वाक्य हे तिसरं आहे. मोटेलच्या खोलीत जे घडलं ते दुसरं. आणि कायदा वाचणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात जे उभं राहतं ते पहिलं.

असं का होतं, याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सहसा मिळत नाही. ‘यूज’ या क्रियापदाला कर्म तर लागतंच, पण एक न बोललेला हेतूही लागतो. हातोडा, छत्री, चमचा या वस्तू आपला हेतू बरोबर घेऊन येतात, त्यामुळे तो वेगळा सांगावा लागत नाही. ‘तिने छत्री वापरली’ म्हणजे पावसात उघडली. छत्रीने खिडकी ढकलली असेल तर ते सांगावं लागतं. उलट दगड, दोरी, पैसा यांना ठरलेलं एकच काम नसतं. ‘त्याने दगड वापरला’ म्हटलं की ‘कशाला?’ हा प्रश्न आपसूक येतो. नेहमीचा हेतू न बोलता चालतो, आडवळणाचा बोलूनच दाखवावा लागतो. हा अलिखित नियम इंग्रजी आणि मराठी दोन्ही बोलणारे न चुकता पाळतात. कायद्याच्या वाक्यात हेतू लिहिलेला नव्हता. स्कॅलिया म्हणाले, म्हणूनच तो नेहमीचा. ओकॉनर म्हणाल्या, म्हणूनच तो कुठलाही.

माझा कल कुठे आहे ते सांगतो. ९२४(डी)चा मुद्दा खोडायला कठीण आहे, हे मान्य करूनही, भाषेच्या बाजूने मला विरोधी मत बरोबर वाटतं. त्याला कारण याच खटल्यातली दुसरी वस्तू आहे. इंग्रजीत मादक पदार्थांच्या संदर्भात ‘यूज’ला पक्का अर्थ आहे: सेवन करणे. ‘यूजर’ म्हणजे नशा करणारा. इतकंच काय, ‘तो यूज करतो का?’ असं कर्माशिवाय विचारलं तरी अर्थ तोच लागतो. आता, कोकेन विकणारा माणूस कोकेन ‘यूज’ करतो असं कुणी म्हणेल का? तो त्यातून पैसा काढतो, म्हणजे कोशाच्या अर्थाने त्याने ते आपल्या सेवेला लावलं. तरी त्याला कुणी ‘यूजर’ म्हणत नाही. विकणारा वेगळा, वापरणारा वेगळा. मग त्याच खोलीतल्या, त्याच सौद्यातल्या बंदुकीला दुसरा न्याय का? ज्याने बंदूक विकायला काढली तो बंदुकीचा विक्रेता. निकालाच्या पानांत हा प्रश्न असा विचारलेला मला आठवत नाही, पण ‘यूज’ कुठल्या कर्माला कसा चिकटतो हे पाहायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

थोडं आडवाटेला जातो, कारण या शब्दाचा इतिहासही या रुंदीला कारणीभूत आहे. ‘यूज’ हा मुळात इंग्रजी नव्हे. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे तो आला आणि त्याने ‘ब्रूकन’ हे जुनं इंग्रजी क्रियापद बाजूला सारलं. त्या क्रियापदाचा अवशेष ‘ब्रूक’, म्हणजे खपवून घेणे, या अर्थाने आज फक्त जड लेखी इंग्रजीत दिसतो. आल्या शब्दाने मग चौफेर जागा व्यापली. ‘यूज्ड कार’ म्हणजे आधी कुणीतरी चालवलेली गाडी. ‘यूज अप’ म्हणजे संपवून टाकणे. ‘ही यूज्ड मी’ म्हणजे त्याने मला वापरून घेतलं, आणि इथे मराठीतही ‘वापरणे’च येतं, त्याच कडवट चवीने. ‘यूस्ट टू’चा तर वापराशी संबंधच तुटला आहे. पूर्वी मी असं करत असे, एवढंच ते सांगतं. उच्चारही फिरतो: क्रियापद ‘यूझ’, नाम ‘यूस’. आणि इंग्लंडच्या जुन्या जमीनकायद्यातला ‘यूस’ (दुसऱ्याच्या लाभासाठी जमीन आपल्या नावे धरण्याची व्यवस्था), ज्याच्यावर आठव्या हेन्रीच्या काळात एक अख्खा कायदा झाला, तो या कुळातलाच नव्हे. तो लॅटिनमधल्या ‘ओपुस’पासून आला आणि दिसायला सारखा झाला. इतकी कामं करणारा शब्द फौजदारी कायद्यात उघडा ठेवला की तो कुणाच्या तरी अंगावर येणारच.

न्यायालयालाही पुढे ते जाणवलेलं दिसतं. ६ डिसेंबर १९९५ रोजी ‘बेली विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या प्रकरणाचा निकाल आला. त्यात दोन खटले एकत्र होते. एकात बंदूक गाडीच्या डिकीत होती, दुसऱ्यात झोपायच्या खोलीतल्या कपाटातल्या कुलूपबंद पेटीत. सरकारचं म्हणणं होतं की मादक पदार्थांच्या आसपास बंदूक ठेवली की धीर येतो, संरक्षण मिळतं, म्हणजेच ती ‘यूज’ होते. या वेळी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ते नाकारलं, आणि निकाल लिहिला तो ओकॉनर यांनीच. ‘यूज’साठी बंदुकीचा सक्रिय वापर हवा, नुसतं जवळपास असणं पुरेसं नाही. त्यांनी दिलेलं एक वाक्य मला फार आवडतं. त्याचा आशय असा: ‘घराच्या रक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.’ एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा, दोन अर्थांनी, तरी ऐकणारा गोंधळत नाही. मराठीतही ते चालतं, पण सहज बोलताना आपण पहिल्या जागी ‘बंदूक ठेवतो’ म्हणू. सक्रिय वापरात काय काय मोडतं, हे सांगताना त्यांनी बंदूक झाडणं, दाखवणं, तिने मारणं यांच्यासोबत अदलाबदलीत देणंही ठेवलं. म्हणजे स्मिथचा निकाल शाबूत राहिला.

१९९८ साली अमेरिकी संसदेने कलम बदललं. गुन्ह्याला पुढे नेण्यासाठी बंदूक नुसती जवळ ठेवणंही त्यात आणलं, आणि बंदूक परजणं किंवा झाडणं यांसाठी वेगळ्या, चढत्या शिक्षा ठेवल्या. जे एका रुंद शब्दात कोंबलं होतं, ते निदान काही अंशी नेमक्या क्रियापदांत वाटलं गेलं. ‘यूज’ मात्र जागेवर राहिला.

मग उरला आरशातला प्रश्न. बंदूक देऊन मादक पदार्थ घेणारा जर बंदूक ‘यूज’ करतो, तर मादक पदार्थ देऊन बंदूक घेणाऱ्याचं काय? १० डिसेंबर २००७ च्या ‘वॉटसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’मध्ये हेच होतं. आरोपीने ऑक्सिकोडोन या नशेसाठीही घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकाच्या २४ मात्रा देऊन एक पिस्तूल घेतलं होतं. न्यायालयाने एकमुखाने म्हटलं की हा ‘यूज’ नव्हे. निकाल लिहिला सूटर यांनी, जे १९९३ मध्ये विरोधी मतात होते. त्यांचं उदाहरण एका मुलाचं आहे. मुलाने सफरचंद देऊन खाऊची वडी घेतली, तर त्याने सफरचंद ‘यूज’ केलं असं म्हणता येईल. वडी ‘यूज’ केली असं म्हटलं तर कुणी कुणाला काय दिलं ते कळणारही नाही.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्याच निकालात स्वतंत्रपणे थोडक्यात लिहिलं. देणारा वापरतो आणि घेणारा वापरत नाही, हा भेद त्यांना पटला नाही. दोघांनाही एकच न्याय हवा, आणि त्यासाठी स्मिथचा निकालच रद्द करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाकीच्यांनी तिथपर्यंत जायचं टाळलं. त्यामुळे वॉटसनने स्मिथला हात लावला नाही: एकाच टेबलावर, एकाच बंदुकीसाठी समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी ती पुढे सरकवणारा ती ‘यूज’ करतो आणि उचलणारा करत नाही.

माझ्या भाषांतरात मी शेवटी कायद्याच्या वाक्यात ‘उपयोग करील’ ठेवलं, बहुमताच्या निकालातही तेच. स्कॅलियांच्या काठीच्या परिच्छेदात मात्र ‘वापरता का’ लिहिलं, कारण काठीचा उपयोग करता का असं कुणी कुणाला विचारत नाही. एकाच शब्दाला दोन शब्द दिले म्हणून संपादक हरकत घेतील. त्यांना दाखवायला चष्म्याची ती दोन वाक्यं मी समासात लिहून ठेवली आहेत.